प्रतिजैविक संवेदनशीलता परीक्षण

रोग्याच्या थुंकीतून, पुवातून, लघवीतून किंवा रक्तातून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजंतूंची वाढ कोणत्या प्रतिजैविकाने आणि किती प्रमाणात थांबते, हे प्रयोगशाळेत पाहण्याच्या क्रियेस प्रतिजैविक संवेदनशीलता परीक्षण असे म्हणतात. औषधाच्या नेहमीच्या मात्रेने शरीरात जेवढी संहती मिळते तेवढ्या संहतीस ज्याची वाढ थांबते तो सूक्ष्मजंतू त्या औषधास संवेदनशील आणि ज्याची थांबत नाही तो रोधी मानला जातो. अहवालात हा निर्णय एकाच शब्दात लिहिलेला असतो व त्या शब्दावर विसंबून चिकित्सक औषध निवडतो. मात्र संवेदनशील व रोधी यांच्यामधील सीमारेषा निसर्गाने आखून दिलेली नाही. कोणते माध्यम वापरावे, त्यावर सूक्ष्मजंतू किती पेरावेत, किती तास थांबावे आणि किती वाढीला वाढ म्हणावे, याविषयी शास्त्रज्ञांनी आपसात केलेल्या करारावर ती उभी आहे. या परीक्षणाचा इतिहास म्हणजे मुख्यतः हा करार कसा होत गेला आणि कोठे अपुरा पडला, याचा इतिहास होय. महाराष्ट्रात या प्रश्नाने सर्वांत तीव्र रूप घेतले ते २०११-१२ मध्ये, मुंबईतील काही क्षयरोग्यांच्या अहवालांवरून.

आरंभ : लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलीनचा शोध लागला. १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी बुरशीचा अर्क कोणत्या सूक्ष्मजंतूंवर परिणाम करतो व कोणत्यांवर करीत नाही, हे दाखविले होते. त्यासाठी त्यांनी आगराच्या थरात चर कोरून त्यात बुरशीचा अर्क मिसळलेले आगर भरले आणि चराशी काटकोन करून निरनिराळ्या सूक्ष्मजंतूंच्या रेघा ओढल्या. जे संवेदनशील होते त्यांच्या रेघा चरापासून काही अंतरावरच थांबल्या, इतरांच्या थेट चरापर्यंत गेल्या. पेनिसिलीन औषध म्हणून वापरात येण्यापूर्वी सु. बारा वर्षे झालेला हा प्रयोग, म्हणजे या परीक्षणाचे पहिले स्पष्ट उदाहरण म्हणता येईल. फ्लेमिंग यांनी औषधाच्या क्रमशः विरल केलेल्या द्रावणांतही सूक्ष्मजंतू वाढवून पाहिले होते. म्हणजे पुढे प्रचारात आलेल्या दोन्ही मुख्य पद्धती, घन माध्यमातील विसरणाची आणि द्रव माध्यमातील विरलीकरणाची, बीजरूपाने तेथेच होत्या.

याच सुमारास भारतात औषधाची सूक्ष्मजंतुनाशक शक्ती पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे प्राण्यांना रोग जडवून औषध देणे ही होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास सल्फाथायाझोल हे औषध प्लेगवर उपयोगी पडते, हे याच मार्गाने दाखविले. पश्चिम महाराष्ट्राने १८९६ पासून प्लेगच्या लागोपाठ साथी सोसल्या होत्या. त्यामुळे या कामाचे महत्त्व येथे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. प्राण्यांवरील चाचणीने औषधाचा गुण कळतो, परंतु समोरच्या एका रोग्याच्या शरीरातील जंतूविषयी काही कळत नाही. प्लेगच्या बाबतीत त्या काळी ही उणीव जाणवत नसे, कारण जंतू औषधास सर्वत्र सारखाच प्रतिसाद देई. पेनिसिलिनाने ही स्थिती पालटली.

ऑक्सफर्ड येथे एडवर्ड एब्रॅहम व अर्न्स्ट चेन यांनी १९४० च्या डिसेंबरात पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम काही सूक्ष्मजंतूंमध्ये असते, असे जाहीर केले. ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनाने पहिल्या रोग्यावर उपचार झाला तो त्यानंतर, १९४१ च्या फेब्रुवारीत. औषधरोधाची नोंद औषधोपचाराच्या आधी झाली, ही गोष्ट पुढे बराच काळ विस्मरणात गेली. लंडनमधील एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पूजनक जंतूची परीक्षणे चालू ठेवली होती. त्यांना पेनिसिलीनरोधी जंतूंचे प्रमाण १९४६ मध्ये सु. १४ टक्के, १९४७ मध्ये ३८ टक्के आणि १९४८ मध्ये ५९ टक्के आढळले. एकाच जातीचा जंतू एका रोग्यात औषधास वश होतो व शेजारच्या खाटेवरील रोग्यात होत नाही, हे एकदा दिसल्यावर प्रत्येक रोग्याच्या जंतूचे परीक्षण करणे अपरिहार्य ठरले.

कागदी चकतीची पद्धत : ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी आगरावर छोट्या पोकळ नळ्या उभ्या करून त्यांत पेनिसिलिनाचे द्रावण भरण्याची युक्ती काढली. द्रावण विसरणाने भोवती पसरे व नळीभोवती जंतूंची वाढ न झालेले स्वच्छ वलय उमटे. त्यांचा हेतू जंतू तपासण्याचा नसून औषधाची शक्ती मोजण्याचा होता. जंतू माहीत असेल तर वलयावरून औषधाचे सामर्थ्य कळते आणि औषध माहीत असेल तर वलयावरून जंतूची संवेदनशीलता कळते. एकाच घटनेचे हे दोन उपयोग आहेत. पुण्याजवळ पिंपरी येथे भारत सरकारने १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले [⟶ पेनिसिलीन]. अशा कारखान्यांतील नियंत्रण प्रयोगशाळेत पहिला उपयोग रोजचा असतो, तर रुग्णालयात दुसरा. देशी पेनिसिलीन स्वस्त व मुबलक झाल्यावर रुग्णालयांतील परीक्षणाची गरज वाढत गेली.

नळ्यांऐवजी गाळणकागदाच्या चकत्या वापरण्याची कल्पना १९४० नंतरच्या चार-पाच वर्षांत अनेकांनी मांडली. चकती औषधात भिजवून सुकवून ठेवता येई, डबीत भरून दुसऱ्या गावी पाठविता येई आणि एका पेट्री बशीत सहा-सात औषधे एकाच वेळी तपासता येत. या सोयींमुळे चकती जगभर पसरली आणि त्याबरोबर गोंधळही. प्रत्येक प्रयोगशाळेचे माध्यम वेगळे, आगराची जाडी वेगळी, चकतीतील औषधाचे प्रमाण वेगळे. कोणी चकतीभोवती थोडेही वलय दिसले की जंतू संवेदनशील म्हणे, कोणी एका औषधाच्या दोन-तीन निरनिराळ्या शक्तींच्या चकत्या ठेवून त्यांपैकी किती चकत्यांभोवती वलय उमटते ते मोजी. एकाच जंतूवर दोन प्रयोगशाळांतून परस्परविरुद्ध अहवाल येत आणि दोन्ही अहवाल आपापल्या परीने बरोबर असत.

वलयाची रुंदी कशावर अवलंबून असते, हे पाहिले म्हणजे या गोंधळाचे कारण ध्यानात येते. औषध आगरातून बाहेर पसरत असते आणि त्याच वेळी पेरलेले जंतू वाढत असतात. जंतूंची दाटी ठराविक मर्यादेबाहेर जाण्याच्या क्षणी औषधाची पुरेशी संहती जेथवर पोहोचली असेल, तेथे वलयाची कडा पडते. त्यामुळे जंतू विरळ पेरले तर वलय मोठे होते, दाट पेरले तर लहान. आगराचा थर पातळ असेल तर वलय रुंदावते. माध्यमात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची आयने जास्त असतील तर स्यूडोमोनस जातीचे जंतू जेंटामायसिनास प्रत्यक्षाहून अधिक रोधी भासतात. थायमिडीन असेल तर ट्रायमेथोप्रिमाचे वलय नाहीसे होते. शिवाय मोठ्या रेणूंची औषधे आगरातून नीट पसरत नाहीत, म्हणून निरनिराळ्या औषधांच्या वलयांची आपसात तुलना करणेच चूक होय. मोठे वलय म्हणजे अधिक गुणकारी औषध, हा समज आजही अनेक ठिकाणी आढळतो. तो निराधार आहे.

प्रमाणीकरण : जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या सुमारास या प्रश्नात लक्ष घातले. तिच्या प्रेरणेने हान्स एरिक्सन व जॉन शेरिस यांनी अनेक देशांतील प्रयोगशाळांना एकत्र घेऊन केलेल्या अभ्यासाचा अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान अमेरिकेतील सिॲटल येथे ए. डब्ल्यू. बाउअर, विल्यम कर्बी, शेरिस व मार्व्हिन टर्क यांनी १९६६ मध्ये एक पद्धत मांडली होती. कर्बी-बाउअर पद्धत या नावाने ती आज ओळखली जाते. तिच्यात नवीन घटक जवळजवळ कोणताच नव्हता. म्यूलर व हिंटन यांचे माध्यम १९४१ पासून होते व तेही मुळात परमा आणि मेंदुज्वर यांच्या जंतूंसाठी तयार केलेले होते. जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा मोजण्याची मॅक्फार्लंड यांची बेरियम सल्फेटाची मोजपट्टी १९०७ सालची. नवे होते ते सर्व गोष्टी कायमच्या ठरवून टाकणे : आगराची जाडी ४ मिमी., गढूळपणा अर्ध्या मॅक्फार्लंडाइतका, तापमान ३५° से., अवधी १६ ते १८ तास, प्रत्येक औषधाची एकच शक्तीची चकती, आणि वलय आहे की नाही एवढेच न पाहता त्याचा व्यास मिमी.मध्ये मोजणे. शेकडो जंतूंची किमान निरोधक संहती, म्हणजे द्रव माध्यमात वाढ थांबविणारी औषधाची सर्वांत कमी संहती, एकीकडे व वलयाचा व्यास दुसरीकडे मांडून त्यांनी दोहोंचा संबंध दाखविला. त्यामुळे मिलिमीटरला अर्थ आला. अमेरिकेत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रमाणक समितीने १९७५ मध्ये ही पद्धत आपल्या मानकात घेतली व तेव्हापासून व्यासांचे कोष्टक वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध होत आले आहे. ब्रिटनमध्ये जोन स्टोक्स यांची तुलनात्मक पद्धत दीर्घकाळ चालली. तीत ज्ञात संवेदनशीलतेचा जंतू त्याच बशीत शेजारी पेरला जाई. माध्यम कसेही असले तरी दोन्ही जंतूंना ते सारखेच असल्याने तुलना न्याय्य राही. साधने अपुरी असलेल्या प्रयोगशाळांना ही पद्धत अधिक सोयीची होती, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत चकतीची पद्धत रुळली, परंतु तिच्यामागील अटी सर्वत्र पाळल्या गेल्या नाहीत. आयात केलेले कोरडे माध्यम महाग होते, म्हणून साधे पोषक आगर वापरले जाई. मेंढीच्या रक्ताऐवजी रक्तपेढीतील मुदत संपलेले मानवी रक्त माध्यमात घातले जाई. चकत्या गाळणकागदाला भोके पाडून प्रयोगशाळेतच तयार होत व त्यांतील औषधाचे प्रमाण तपासण्याची सोय बहुधा नसे. पुढे मुंबईतील हायमीडियासारख्या कंपन्यांनी माध्यमे व चकत्या देशात तयार करण्यास सुरुवात केल्यावर ही अडचण बरीच कमी झाली.

यापेक्षा बिकट अडचण अंतराची होती. प्रतिसरकारच्या चळवळीमुळे प्रसिद्ध झालेले, पूर्वीच्या औंध संस्थानातील व आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेले कुंडल हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. या गावालगत १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि यंत्रांचा कारखाना उभा राहिला. या परिसराचे मोठे वैद्यकीय केंद्र मात्र मिरज. तेथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले, नजीकच वॉनलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कुंडलचा रोगी किर्लोस्करवाडी स्थानकातून रेल्वेने मिरजेस जाऊ शकतो, परंतु त्याचा नमुना तितक्या सहजपणे जात नाही. लघवीचा नमुना दोन तासांहून अधिक काळ उबेत राहिला तर त्यात वाटेतले जंतू वाढून मूळ जंतूस झाकून टाकतात. थुंकीची बाटली उन्हात राहिली तर क्षयाचे जंतू मरतात आणि इतर उरतात. अशा नमुन्यावर मिरजेस कितीही काटेकोर परीक्षण झाले तरी अहवाल कुंडलच्या रोग्याच्या आजाराविषयी काही सांगत नाही. रोगी स्वतः गेला तरी अहवाल हाती येण्यास किमान दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी जंतू वेगळा करावा लागतो आणि दुसऱ्या रात्री चकत्या ठेवाव्या लागतात. रोजंदारीवरील माणसाला हे दोन दिवस परवडत नाहीत. म्हणून ग्रामीण भागात औषध आधी व परीक्षण मागाहून, किंवा मुळीच नाही, अशी रीत पडली. तिचा दोष एकट्या चिकित्सकावर टाकणे न्याय्य होणार नाही.

कोष्टकातील सीमारेषा चुकीच्या ठिकाणी असली तर काय होते, हे विषमज्वराने दाखविले. क्लोरँफिनिकॉलरोधी जंतूंची मोठी साथ १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे झाली. १९९० च्या सुमारास अनेक औषधांना रोधी असलेला विषमज्वर देशभर पसरला व चिकित्सक सिप्रोफ्लॉक्सासिनाकडे वळले. काही वर्षांत असे दिसू लागले की, चकती जंतूस संवेदनशील ठरविते, पण रोग्याचा ताप मात्र उतरत नाही. परीक्षणात चूक नव्हती, सीमारेषेत होती. या जंतूंवर नॅलिडिक्सिक अम्ल या जुन्या औषधाची चकती ठेवली की वलय उमटत नसे. म्हणून भारतीय प्रयोगशाळांनी त्या चकतीचा इशारा म्हणून उपयोग सुरू केला. विषमज्वराच्या जंतूसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनाची मर्यादा २१ मिमी. वरून ३१ मिमी. वर नेण्याचा निर्णय अमेरिकी मानकात २०१२ मध्ये झाला. तोवर जे जंतू अहवालात संवेदनशील म्हणून नोंदले गेले त्यांतील पुष्कळ त्या दिवसापासून संवेदनशील राहिले नाहीत. जंतूंत काहीही बदल झालेला नव्हता.

क्षयरोग व मुंबईचे प्रकरण : क्षयरोगाच्या जंतूस चकतीची पद्धत लागू पडत नाही. हा जंतू इतका सावकाश वाढतो की, तोवर चकतीतील औषध आगरभर पसरून जाते. म्हणून औषध माध्यमातच मिसळावे लागते. स्ट्रेप्टोमायसीन या पहिल्या गुणकारी औषधाच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीतच बहुसंख्य रोग्यांचे जंतू काही महिन्यांत रोधी झाल्याचे आढळले होते. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्रातील अभ्यासांनी या परीक्षणास भारतात शास्त्रीय पाया मिळवून दिला. तेथे रोग्याच्या जंतूस लागणारी संहती भागिले ज्ञात प्रमाण जंतूस लागणारी संहती, असे गुणोत्तर काढीत. पॅरिसचे जॉर्ज कॅनेटी व इतर तज्ज्ञांनी १९६३ मध्ये प्रमाण पद्धतीचे नियम मांडले. औषधयुक्त माध्यमावर वाढलेले जंतू औषधरहित माध्यमावरील जंतूंच्या १ टक्का किंवा अधिक असतील तर तो रोधी, हा त्यांतील मुख्य नियम. १ टक्का हा आकडा उपचारांच्या अनुभवातून घेतलेला आहे. अंड्याच्या माध्यमावरील संवर्धन व परीक्षण मिळून दोन ते तीन महिने जात. तोपर्यंत रोगी कोणते तरी औषध घेतच असे.

ते कोणते, याची तपासणी मुंबईत दोनदा झाली. मुकुंद उपलेकर व डोनल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सु. १०० खाजगी चिकित्सकांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या उपचारयोजना लिहिल्याचे आढळले. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी धारावी परिसरात तसाच अभ्यास पुन्हा करून तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा १०६ चिकित्सकांनी ६३ योजना लिहिल्या व त्यांपैकी फक्त ६ जणांचा कागद योग्य निघाला. मुंबईची क्षयरोधी औषधांची समस्या प्रयोगशाळेत येण्यापूर्वी अशा कागदांवर तयार होत होती.

माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील उडवाडिया, कॅमिला रॉड्रिग्ज व सहकारी यांचे एक पत्र २०११ च्या डिसेंबरात एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या पहिल्या व दुसऱ्या फळीच्या सर्व औषधांना रोधी असलेले ४ रोगी आढळल्याचे त्यात नमूद होते. त्यांपैकी तिघांना अनेक खाजगी चिकित्सकांकडून दुसऱ्या फळीची औषधे अव्यवस्थित रीतीने मिळालेली होती. लेखकांनी या प्रकारास संपूर्ण औषधरोधी क्षयरोग असे म्हटले. अशी वर्णने इटलीतून २००७ मध्ये व इराणमधून २००९ मध्ये आली होती, परंतु मुंबईच्या पत्राने देशात मोठी खळबळ उडाली. ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेस मान्य नाही, अशी भूमिका केंद्र शासनाने २०१२ च्या जानेवारीत घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनीही संज्ञा स्वीकारली नाही.

या वादात शासन वस्तुस्थिती लपवीत आहे असे एका बाजूस आणि रुग्णालय भीती पसरवीत आहे असे दुसऱ्या बाजूस म्हटले गेले. तज्ज्ञांचा आक्षेप मात्र परीक्षणाविषयी होता आणि तो शास्त्रीय दृष्ट्या योग्य होता. आयसोनिआझिड व रिफँपिसीन यांची परीक्षणे निरनिराळ्या प्रयोगशाळांत सारखे उत्तर देतात. एथिओनामाइड, सायक्लोसेरीन यांसारख्या औषधांचे तसे नाही. त्यांच्या बाबतीत संवेदनशील व रोधी जंतूंच्या संहती इतक्या जवळजवळ असतात की, माध्यमातील अल्प फरकानेही निर्णय उलटतो. सायक्लोसेरीन तर माध्यमात हळूहळू विघटन पावते. पिराझिनामाइड केवळ अम्लीय माध्यमात परिणाम करते व अशा माध्यमात जंतू स्वतःच नीट वाढत नाही. ज्या परीक्षणांचा भरवसा नाही त्यांच्या आधारे ‘संपूर्ण’ हा शब्द वापरता येत नाही, असा हा युक्तिवाद होता. असे असले तरी मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता. अहवालातील एखाद-दुसरा शब्द संशयास्पद धरला तरी भरवशाच्या परीक्षणांनीच या रोग्यांची मुख्य औषधे बाद केलेली होती. संज्ञा नाकारली म्हणून रोग्यासाठी एकही औषध वाढले नाही. चिकित्सकांनी शब्द अधिक कठोर निवडला, पण पाहिले ते खरे होते, असे म्हणावे लागते. २०१२ च्या मे महिन्यात क्षयरोग्यांची शासनाकडे नोंद करणे सर्वांना, खाजगी चिकित्सकांनाही, बंधनकारक करण्यात आले.

सीमारेषा नंतरही सरकत राहिल्या. द्रव माध्यमातील परीक्षणासाठी रिफँपिसिनाची निर्णायक संहती जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १ वरून ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. इतकी खाली आणली, कारण जुन्या रेषेखाली काही रोधी जंतू निसटत होते.

कार्बापेनेम व कोलिस्टीन : हिंदुजा रुग्णालयाच्याच प्रयोगशाळेने आणखी एका प्रकरणात लक्ष वेधले. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तेथे आढळलेल्या २४ कार्बापेनेमरोधी आंत्रजंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे एंझाइम असल्याचा निष्कर्ष पायल देशपांडे, रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी २०१० च्या आरंभी भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका ब्रिटिश नियतकालिकातील निबंधामुळे या एंझाइमाच्या नावातील ‘न्यू दिल्ली’ या शब्दांवर देशात वाद पेटला. मुंबईच्या निबंधाने जे आधीच सांगितले होते ते त्या गदारोळात मागे पडले. कार्बापेनेमे निकामी ठरल्यावर कोलिस्टीन हे जुने औषध पुन्हा वापरात आले. त्याचा रेणू आगरातून नीट पसरत नसल्याने चकतीने त्याची संवेदनशीलता कळत नाही व २०१६ मध्ये अमेरिकी व युरोपीय समित्यांनी द्रव माध्यमातील सूक्ष्म विरलीकरणाची पद्धतच ग्राह्य धरली. लहान रुग्णालयांना ती सहज जमण्यासारखी नाही. म्हणजे ज्या औषधावर अखेरची भिस्त, त्याचेच परीक्षण सर्वांत अवघड. पशुखाद्यातून व पशुवैद्यकात याच औषधाचा सर्रास वापर होत असे. खाद्योत्पादक प्राण्यांसाठी त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर केंद्र शासनाने २०१९ च्या जुलैमध्ये बंदी घातली. कृष्णाकाठच्या दूधव्यवसायाच्या भागांत गाईम्हशींच्या काससुजीवर प्रतिजैविके वापरली जातात. तेथेही दुधाच्या नमुन्यातील जंतूंचे परीक्षण करून औषध निवडणे हाच योग्य मार्ग होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये औषधरोधाच्या देखरेखीसाठी रुग्णालयांचे जाळे उभारले. त्यात सहभागी प्रयोगशाळांना एकच कार्यपद्धती पाळावी लागते. मोठ्या रुग्णालयांतून येणारे आकडे गावोगावच्या रोग्यांचे चित्र दाखवीत नाहीत, ही त्याची मर्यादा होय.

जनुकीय परीक्षणे : जंतू वाढविण्याची वाट न पाहता त्याच्या जनुकातील रोधकारक उत्परिवर्तन थेट शोधण्याच्या पद्धती क्षयरोगात प्रथम आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये रेषापट्टी परीक्षणाची व २०१० मध्ये काडतूस वापरणाऱ्या यंत्राची शिफारस केली. त्यामुळे रिफँपिसीनरोध सु. दोन तासांत कळू लागला. गोव्यातील वेर्णे येथे उत्पादन होणाऱ्या ट्रूनॅट या भारतीय यंत्रास संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. हे यंत्र विजेरीवर चालते व वातानुकूलित खोलीची अपेक्षा करीत नाही. प्रयोगशाळा गावाजवळ नेण्याचा जो प्रश्न चकतीच्या काळात सुटला नव्हता, तो एका रोगापुरता व एका मुख्य औषधापुरता यामुळे बराच सुटला.

ही यंत्रे ज्ञात उत्परिवर्तने ज्ञात ठिकाणीच शोधतात. बेडाक्विलीन या औषधाचा वापर भारतात २०१६ पासून मर्यादित केंद्रांत सुरू झाला व सहा महिन्यांच्या नव्या उपचारयोजनेस केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. या योजनेचा आधार असलेल्या बेडाक्विलिनाचा रोध अनेक विखुरलेल्या उत्परिवर्तनांमुळे होतो. तालुक्याच्या ठिकाणी असलेले यंत्र तो ओळखू शकत नाही. व्यापक जनुकक्रम वाचण्याच्या तंत्राची शिफारस संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, परंतु ते मोठ्या प्रयोगशाळांपुरते आहे. कुंडलसारख्या गावातील रोग्याचा रिफँपिसीनरोध एका दिवसात कळला, तरी त्यावर द्यावयाचे औषध त्याच्या जंतूस लागू पडेल की नाही, हे कळण्यासाठी थुंकी संदर्भ प्रयोगशाळेत पाठवून जंतूची वाढ होण्याची काही आठवडे वाट पाहावी लागते. उपचार त्यापूर्वीच सुरू झालेला असतो. [⟶ क्षयरोग, स्ट्रेप्टोमायसीन]